बालकांची वेदना आणि बर्फाचे जग

भाजलेल्या बालकाची कसोटी अपघाताबरोबर संपत नाही. रोजच्या मलमपट्टीच्या वेळी ती नव्याने सुरू होते. जुनी पट्टी सोडवणे, मृत त्वचा काढणे, जखम धुणे ही कामे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी अटळ असतात. मूल स्वस्थ पडून असताना मॉर्फिनसारखी औषधे वेदना बऱ्याच अंशी आवरतात. जखमेला हात लागताच मात्र ती पुष्कळदा अपुरी पडतात, आणि मात्रा फार वाढवावी तर श्वसन मंदावण्याचे भय असते.

मुळात बालकांच्या वेदनेची दखल घेण्यासच वैद्यकशास्त्राला उशीर झाला. नवजात अर्भकांना वेदना फारशा जाणवत नाहीत, असा समज १९८० च्या दशकापर्यंत रूढ होता. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्या समजाला जबर धक्का दिला.

वेदना ओळखली गेली. ती हलकी करण्याचा एक निराळा मार्ग अमेरिकेतील सिएटल येथे सापडला. १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि हार्बरव्ह्यू रुग्णालयाच्या जळीत विभागातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन यांनी या कार्यास आरंभ केला. पायातील काटा काढताना आजी नातवाला गोष्टीत गुंगवते, तेच तत्त्व यामागे होते. वेदना जाणवण्यास अवधान लागते, आणि माणसाचे अवधान मर्यादित असते. डोळ्यांवर यंत्र बसवून रुग्णाला ‘आभासी वास्तवा’त, म्हणजे संगणकाने निर्मिलेल्या जगात नेले, तर वेदनेच्या वाट्याला थोडेच अवधान उरेल, असा त्यांचा तर्क होता.

भाजलेल्या दोन किशोरांवरील पहिला अनुभव २००० मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या व्हिडिओ गेमच्या तुलनेत आभासी जगात असताना दोघांनीही वेदना बरीच कमी असल्याचे सांगितले. त्या वेळी वापरलेली रचना मूळची कोळ्यांची भीती घालवण्यासाठी केलेली होती. पुढे खास जळीत रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ साकारले. आगीने पोळलेले मूल त्यात बर्फाच्या दरीतून विहरते आणि हिममानव व पेंग्विन यांच्यावर बर्फाचे गोळे फेकते. हा केवळ मनाचा भास नव्हता. २००४ मध्ये निरोगी व्यक्तींवर झालेल्या मेंदूचित्रणात वेदनेशी निगडित पाच भागांची हालचाल मंदावलेली दिसली.

हा उपाय औषधांची जागा घेत नाही. तो त्यांच्या जोडीला उभा राहतो. आरंभीची यंत्रे जड व महाग होती. २०१६ पासून तुलनेने स्वस्त साधने बाजारात आली आणि अधिक रुग्णालयांना हा मार्ग खुला झाला.

यंत्रे बदलतील. परंतु मलमपट्टीच्या मेजावर रडणाऱ्या मुलाला ‘सोस जरा’ म्हणण्याऐवजी त्याची वेदना कशी हलकी होईल, असे कोणीतरी विचारले, हीच या इतिहासातील मोलाची घटना होय.