वीस एक की एकवीस?

भंडारा, तुमसर, पवनी या भागात आपल्या बहुतेक घरांत बोलणं हिंदी-उर्दू वळणाचं, बाजारात झाडीबोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. अशा घरातलं पोर ८९ला आईजवळ ‘नवासी’ म्हणतं आणि बाईंसमोर ‘एकोणनव्वद’. एकीकडे ऐंशीत नऊ मिळवायचे, दुसरीकडे नव्वदातून एक काढायचा. मूल अडखळलं की आपण म्हणतो, याचं गणित कच्चं! खरं म्हणजे ते भाषेत अडखळलेलं असतं.

ही अडचण गांभीर्यानं घेणाऱ्या गणितज्ञ म्हणजे डॉ. मंगला नारळीकर. माहेरच्या राजवाडे. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनही सुरू झालं. पुढे लग्न, केंब्रिजचं वास्तव्य, तीन मुली, परतल्यावर मोठं कुटुंब. पीएच.डी. झाली ती १९८१ साली, संख्याशास्त्रातल्या नव्हे, संख्यांच्या सिद्धांतातल्या विषयावर. (या दोहोंत आपल्याकडे नेहमी गल्लत होते.) एम.ए. आणि पीएच.डी. यांत सतरा वर्षं! पती जयंत नारळीकर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, घर सुशिक्षित, तरी ही सतरा वर्षं गेलीच. आपल्या मुलींचं शिक्षण लग्नापाशी थांबतं तेव्हा आपण गरिबीकडे आणि रिवाजाकडे बोट दाखवतो. कारण तेवढंच नाही, हे इथं दिसतं.

पुढे त्यांनी शिकवलं, मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिल्या आणि बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि गदारोळ उठला. विधानसभेत कोट्या झाल्या, मराठी बुडाली म्हणून लेख आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहितो आधी २, मग १. बोलतो मात्र आधी एक, मग वीस. कानडी, तेलुगू, इंग्रजी मुलांना हा उलटा फेरा पडत नाही. शिवाय जोडाक्षरं. जुने शब्द काढले नव्हतेच, नव्यांची सोय दिली होती.

पाढ्यांची लय मोडेल ही भीती आम्हाला अगदीच पोकळ वाटत नाही. अरबीतही ‘एक आणि वीस’ असंच म्हणतात, आणि नवव्या शतकात बगदादमध्ये हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मीचं त्यावाचून काही अडलं नाही. पण तो दुसरीतला मुलगा नव्हता. त्या वादात आपल्यासारख्या दुभाषी घरांना कुणी विचारलं नाही. आपणही बोललो नाही.

१७ जुलै २०२३ रोजी पुण्यात मंगलाताईंचं निधन झालं. तेव्हाही अनेकांना आठवला तो हाच वाद; झीटा फलनावरचं त्यांचं काम फारच थोड्यांना.