पुराना किल्ल्यातला आशिया

परिषद म्हटली की आपल्याला हारतुरे, लांबलचक भाषणं आणि सुग्रास भोजन आठवतं. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात २३ मार्च ते २ एप्रिल १९४७ या काळात आशियाई संबंध परिषद भरली. तिच्याबद्दलही बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं : उद्घाटनाला नेहरू, अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू आणि अखेरीस आलेले गांधीजी. मी कविता लिहिणारा माणूस, धोरणबिरण काही माझा प्रांत नव्हे. पण व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा तिथल्या गटचर्चाच मला जास्त मोलाच्या वाटतात.

ही परिषद सरकारनं भरवलेली नव्हती. १९४३ साली स्थापन झालेल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या अभ्यासकांच्या संस्थेनं ती बोलावली होती. पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांचा अभ्यास करणारी अशीच एक संस्था १९२५ मध्ये होनोलुलूत निघाली होती, पण तिथे वरचष्मा पाश्चात्त्यांचा. इथे आशियातली माणसं आपापसांत बोलणार होती. पंचवीसहून जास्त ठिकाणचे प्रतिनिधी आले. टिपणं आधीच तयार होती. स्वातंत्र्याच्या चळवळी, शेती-उद्योग, स्त्रियांचे प्रश्न, स्थलांतर असे गट पाडले होते. कुणाच्या घरच्या भांडणात शिरायचं नाही, असा दंडक होता. भांडणं व्हायची ती झालीच. तिबेट वेगळा दाखवणाऱ्या नकाशावर चिन्यांनी हरकत घेतली. पॅलेस्टाइनवरून अरब आणि ज्यू प्रतिनिधींत खटका उडाला. मुस्लिम लीग तर फिरकलीच नाही.

खरी अडचणीची बोलणी झाली ती स्थलांतराच्या गटात. आपण भारतीय तेव्हा गोऱ्यांच्या वर्णद्वेषाविरुद्ध तावातावानं बोलत होतो, आणि ते योग्यच होतं. पण ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथल्या माणसांना आणखी एक भीती होती. ती भीती होती आपली आणि चीनची! १९३१ च्या शिरगणतीत रंगून शहरात निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती. जगभर मंदी आली, भाताचे भाव कोसळले आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. १९३० चं दशक संपता संपता दक्षिण ब्रह्मदेशातल्या भातशेतीपैकी सुमारे पाव जमीन चेट्टियार सावकारांच्या ताब्यात होती. पाश्चात्त्यांची सत्ता भयंकर खरी, पण आशियाई सत्तेखाली राहणं त्याहून भयंकर, अशा अर्थाचं एक ब्रह्मी प्रतिनिधी तिथे बोलून गेला. यजमानाच्या घरात बसून हे बोलायला धैर्य लागतं. यजमानांनी ते ऐकून घेतलं, हेही मला कमी वाटत नाही. चर्चेचा रोख असा होता, की जो जिथे राहिला त्यानं त्या देशाशी एकरूप व्हावं. नागरिकत्व घेतलं तर समान हक्क मिळावेत, नाहीतर परका म्हणून राहावं.

कागदावर हे किती सरळ दिसतं! पण बाहेर पंजाब पेटला होता. सहाच महिन्यांत, सप्टेंबर १९४७ मध्ये, त्याच पुराना किल्ल्यात दिल्लीचे हजारो मुसलमान निर्वासित म्हणून पावसाचिखलात बसले होते, पाकिस्तानच्या गाडीची वाट बघत. त्यांतल्या कित्येकांच्या पिढ्यान् पिढ्या याच शहरात गेल्या होत्या. ते कुठले रहिवासी आणि कुठले परके, हे कुठल्या टिपणात लिहिलेलं नव्हतं. आशियाच्या स्थलांतरावर बोलताना यजमानांचंच घर दुभंगणार होतं. या परिषदेविषयी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझं मन इथेच अडकतं.

पुढची बैठक १९४९ साली चीनमध्ये भरायची होती, ती भरलीच नाही. तिथे यादवी चालू होती. परिषदेतून निघालेली संघटना काही वर्षं कशीबशी टिकली आणि विरून गेली. गटात मांडलेला प्रश्न मात्र तसाच राहिला. १९४८ च्या कायद्यानं सिलोनच्या चहामळ्यांतले बहुसंख्य तमिळ मजूर कुठल्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. १९६४ मध्ये ब्रह्मदेशात ने विन यांच्या सरकारनं व्यापार, दुकानं ताब्यात घेतली आणि लाखाहून जास्त भारतीय जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. त्याच वर्षी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला : मळ्यांवरच्या ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारतानं घ्यायची, ३,००,००० सिलोननं, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ज्यांची ही वाटणी झाली, त्या मजुरांपैकी कुणी त्या बैठकीत नव्हतं.