यूएसआर००१

साल १९७५. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका संगणक कक्षात तुम्ही रात्रपाळीला आहात. समोर आयबीएमचं सिस्टिम/३७०, त्यावर व्हीएम/३७० ही कार्यप्रणाली. यंत्र एकच, पण सकाळी टर्मिनलवर बसणाऱ्या प्रत्येकाला ते अख्खं आपलंच वाटणार.

तुम्ही ३३३० ड्राइव्हचा खण ओढता, थाळ्यांच्या चळतीवर झाकण फिरवून बसवता आणि तो पॅक दोन्ही हातांनी उचलता. आत १० कोटी अक्षरं मावतात. पॅकचं नाव मात्र सहा अक्षरांतच बसवायचं. झाकणाच्या पट्टीवर पेनाने लिहिलंय: यू-एस-आर-०-०-१. खरं नाव मात्र आत, अगदी पहिल्या सिलिंडरवर, म्हणजे सगळ्या थाळ्यांवरच्या पहिल्या वर्तुळांच्या संचावर नोंदलेलं. यंत्र उठताना सीपी हा नियंत्रक एकेका ड्राइव्हवरचं हेच नाव वाचतो. पॅक कुठल्या ड्राइव्हमध्ये आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

म्हणूनच नावात ड्राइव्हचा पत्ता घालणं मला मुळीच पटत नाही. ड्राइव्ह बिघडला, पॅक शेजारी हलवला, की नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! नाव कामावरून ठेवावं. जिथून सिस्टिम उठते तिथे आरईएस, लोकांच्या फाइली असतील तिथे यूएसआर, पुढे क्रमांक.

आता डिरेक्टरीचा, म्हणजे कुणाची जागा कुठे या यादीचा, कागद उघडा. एका माणसापुढची ओळ: एमडिस्क (पॅकमधला त्याच्या वाट्याचा तुकडा) १९१, ३३३०, पन्नासाव्या सिलिंडरपासून ५ सिलिंडर, यूएसआर००१. ती जेमतेम १२ लाख अक्षरं म्हणजे त्याचं इथलं सारं काम. तिथवर पोचायची वाट त्या सहा अक्षरांतूनच जाते.

पहाटेचे तीन. गेल्या आठवड्यात डीडीआर या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामने काढलेली यूएसआर००१ची प्रत शेजारच्या ड्राइव्हमध्ये तशीच फिरते आहे. पूर्ण पॅकची प्रत काढली की आतलं नाव, म्हणजे लेबलही, जसंच्या तसं उतरतं. तुम्ही यंत्र पुन्हा उठवता आणि कन्सोल खडखडतो: एक पॅक जोडला नाही, नाव दुसऱ्यासारखंच. पण जोडला कोणता? सीपी आधी सापडेल तो घेतो. तो जुना असेल, तर सकाळी लोक आठवडाभरापूर्वीच्या फाइलींवर काम सुरू करतील, आणि कुणाला लगेच कळणारही नाही.

लोक यायच्या आत यंत्र थांबवा, प्रत खाली उतरवा, मग पुन्हा उठवा. आणि यापुढे प्रत काढलीत की ड्राइव्हपासून दूर जाण्याआधी तिचं लेबल बदला.