सही कोण करणार?

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि एकेक गोष्ट पुसायला घ्या. आधी वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो. ती २०१४ ची, तिला पुसायला वेळ लागत नाही. मग मॉल, काचेचे टॉवर, प्रत्येकाच्या हातातला फोन. घराघरांतले टीव्हीही काढा, कारण मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला ऑक्टोबर १९७२ उजाडायचा आहे. विमानं मात्र राहू द्या. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारं विमान तेव्हाही घाटकोपरच्या टेकडीवरूनच खाली यायचं. पत्रे थरथरायचे, आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून विमान जाईपर्यंत थांबायचा.

जून १९७१. तुम्ही भटवाडीत राहता, नुकतेच अकरावी मॅट्रिक झाला आहात आणि वय सतरा. इथून पुढे तुम्हाला अरेतुरे करतो, कारण या वयाच्या पोराला अहोजाहो करणारं चाळीत कोणी नाही.

कॉलेजचा विषय घरात निघतो आणि तिथंच संपतो. धाकटी भावंडं आहेत, बाबांचा पगार तेवढाच आहे. पोरानं हातात कला घ्यावी आणि लवकर घ्यावी, असं ठरतं. कुठे घ्यावी याची यादी आगगाडीच्या खिडकीतून दिसते: विक्रोळीला गोदरेज, कुर्ल्याला प्रीमियर आणि कमानी, भांडुपकडे क्रॉम्प्टन. वर्गातली निम्मी पोरं तिकडेच जाणार. तुझ्या डोक्यात मात्र एप्रिलपासून वेगळंच बसलंय. १८ एप्रिलच्या रविवारी एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', सांताक्रूझला उतरलं. पेपरातला त्याचा फोटो तू कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला आहेस. खिडक्यांभोवती झरोक्यांची लाल नक्षी, आणि शेपूट सहा मजली इमारतीएवढं.

एअर इंडियात ॲप्रेंटिस घेतात ही बातमी तुला जाहिरातीच्या आधी शिवसेनेच्या शाखेवर कळते. 'मार्मिक'नं कंपन्यांमधल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या छापायला सुरुवात केली त्याला काही वर्षं झाली आहेत. मराठी पोरांना एअर इंडियात का घेत नाहीत, हा वडापावच्या गाडीवरचाही वाद आहे. सरकारी कंपन्यांनी रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवाव्यात असा १९५९ चा कायदा आहे, म्हणून तिथंही तुझं नाव नोंदवलेलं आहे. अर्ज कोणामुळे पुढे सरकला हे तुला पुढे कधीच कळणार नाही. श्रेय घ्यायला मात्र चाळीतले बरेचजण येतील.

लेखी परीक्षा तशी सोपी: अपूर्णांक, त्रैराशिक, थोडं शास्त्र. भीती इंग्रजीची. तोंडी परीक्षेत एक साहेब टेबलावर लोखंडी ठोकळा ठेवतात आणि वरून, समोरून, बाजूने कसा दिसेल ते काढ म्हणतात. यात इंग्रजी लागत नाही. तू काढतोस. मग डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक, ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. तुझ्या पुढचा मुलगा, अभ्यासात तुझ्यापेक्षा कितीतरी हुशार, तिथं अडकतो. लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. विमानातल्या वायरींना रंग असतात, त्याला काय करणार.

निवड होते. पण करारावर तुझी एकट्याची सही चालत नाही. ॲप्रेंटिस ॲक्ट १९६१ चा आहे आणि त्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाच्या वतीनं पालकानं करार करायचा असतो. तो करार मग सरकारच्या ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरकडे नोंदला जातो. बाबा अर्धी रजा टाकून येतात, इस्त्रीचा शर्ट घालून. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते विचारत नाहीत. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत सही करतात आणि पेन ज्याचं त्याला परत देतात. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे त्या दिवशी कोणी वाचून दाखवत नाही: शिक्षण संपल्यावर मालकानं नोकरी दिलीच पाहिजे असं नाही. तीन वर्षं शिकायचं, आणि मग कदाचित नमस्कार.

सकाळी घाटकोपरहून गाडी, विद्याविहार, कुर्ला. कुर्ल्याला पश्चिमेला उतरून बेस्टची बस, मिठी ओलांडून कलिना. फाटकावर पास दाखवतोस आणि विमान बघायला मान वर करतोस. विमान नाहीच. तुला नेतात ते एका लांबट शेडमध्ये. बाकांची रांग, प्रत्येक बाकावर व्हाइस, व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा. पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यानं मूलभूत प्रशिक्षण स्वतःच्या जागेत, वेगळं द्यायचं असा नियम आहे. ती वेगळी जागा ही. जंबो इथून हाकेच्या अंतरावर उभं असेल, पण पहिले कित्येक महिने तुझा संबंध फक्त कानशीशी.

'बास्टर्ड आण,' मास्तर म्हणतात. तू शेजाऱ्याकडे बघतोस. कानशीच्या एका जातीचं नाव आहे ते, भरड आणि बारीक यांच्या मधली. दर वर्षी नव्या पोरांवर हा विनोद होतो आणि दर वर्षी मास्तर हसत नाहीत.

ठोकळ्याच्या सहाही बाजू एकमेकींशी काटकोनात आणायच्या, बास, एवढंच काम. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. एक कोपरा बसवावा तर दुसरा जातो. ठोकळा लहान होत होत मापाच्या खाली गेला की मास्तर तो भंगाराच्या डब्यात टाकतात आणि नवा देतात. ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तळहाताला फोड येतात, फुटतात, तिथं घट्टे होतात. आई रात्री खोबरेल तेल चोळते आणि एअर इंडियात हेच शिकवतात का, म्हणून विचारते.

मला विचाराल तर या शेडमधलं शिक्षण त्या काळच्या मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजापेक्षा कडक होतं. कॉलेजात पस्तीस टक्क्यांना पास करायचे. इथं उजेड दिसला की नापास, आणि हे मास्तरांनी सांगावंही लागत नाही, तुझं तुलाच दिसतं.

पुढचं जरा मौजेचं. पत्र्याचं काम शिकताना एक फ्रिज समोर येतो. तुझ्या घरी फ्रिज नाही, चाळीतही कुणाकडे नाही. इतक्या जवळून पाहिलेला हा पहिलाच, आणि त्यात ठेवलेत रिबिट. ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळून केलेल्या धातूचे हे रिबिट आधी तापवून एकदम थंड करतात, तेव्हा ते मऊ असतात. बाहेर राहिले तर आपोआप कडक होतात आणि ठोकताना तडकतात. म्हणून ते बर्फासारखे गार ठेवायचे, लागतील तेवढेच काढायचे आणि लगेच, काही मिनिटांत ठोकून मोकळं व्हायचं. घरी हे सांगतोस तेव्हा शेजारच्या काकूंना वाटतं की पोरगा थापा मारायला शिकला.

मग तार. विमानातला बोल्ट नुसता आवळून भागत नाही, कारण इंजिनच्या थरथरीनं तो सैल होईल. बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवायची, पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टाला बांधायची, अशी की तारेची ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेला बसेल. उलट बांधलीस तर तार दिसायला तशीच दिसते, पण तिचा उपयोग शून्य. पीळ कमी झाला तरी चूक, जास्त झाला तरी चूक, तार तुटते. सूपरवायझर खिशातून कटर काढतात, तुझं काम कापतात आणि पुढे जातात. तू पुन्हा.

इंग्रजीची भीती आकड्यांनी घालवली, हे तुझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या पोरांनी पुढे एकमेकांना सांगितलं असणार. बोईंगच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक प्रकरणाला ठरलेला आकडा आहे आणि जगभर तोच. २९ म्हणजे हायड्रॉलिक, ३२ म्हणजे लँडिंग गिअर, ७२ म्हणजे इंजिन. वाक्यं सगळी आज्ञार्थी: काढा, तपासा, बसवा, अमुक इंच-पाउंडांनी आवळा. क्रियापदं पन्नासएक कळली की काम चालतं. शेक्सपिअरपेक्षा बोईंग सोपं.

आता हँगर. आता जंबो. तू खाली उभा आहेस, रात्रपाळी आहे, लांबची विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे येतात-जातात. अठरा चाकं, त्यातली सोळा पोटाखाली. जेटी-नाइन-डी इंजिनाच्या तोंडाशी उभं राहिलं की तू त्यात सहज मावशील. केरोसीनचा वास सगळीकडे, कारण विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ केरोसीनच. घरी स्टोव्हसाठी त्याच केरोसीनची रेशनवर रांग लावावी लागते आणि इथं ते टनांनी भरतात. हायड्रॉलिकचं तेल मात्र जांभळं. डोळ्यात गेलं तर आग होते, पाण्याचा नळ कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं.

तुला सही करता येते ती एकाच कागदावर: टूल क्रिबच्या चिठ्ठीवर. पाना घेतला की चिठ्ठी, परत केला की चिठ्ठी फाडायची. एका रात्री पाळी संपताना एका पोराचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर भरत नाही. विमान निघायला दोन तास. कोणी चढ्या आवाजात बोलत नाही, पण विमान सोडायचंही कोणी म्हणत नाही. सगळे गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन. सापडतो तो त्याच पोराच्या ओव्हरऑलच्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेला. हसू येतं सगळ्यांना, पण ते बाहेर आल्यावर.

बाकी कागदांवर सही दुसऱ्याची. तू बसवलेल्या पॅनलखाली टेक्निशियनची, त्याच्यावर लायसन्स असलेल्या इंजिनिअरची. लायसन्स दिल्लीहून, डीजीसीएकडून, पेपर देऊन मिळवायचं. हे इंजिनिअर लोक पारशी आहेत, गोव्याचे आहेत, मद्रासचे आहेत, थोडे आपलेही. सही करण्याआधी तुझ्या तारेला बोट लावून बघतात. तुझ्या बोटांचं काम त्यांच्या नावावर विमानात बसून लंडनला जातं.

याच्या आधी, शेडमधल्या पहिल्याच वर्षी, डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध लागतं. मुंबईत ब्लॅकआउट, काचांना काळा कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे. घाटकोपरच्या पुलावरून शहर नाहीसं झालेलं दिसतं. तू अंधारात चाचपडत घरी येतोस आणि डब्यातली उरलेली पोळी खाऊन झोपतोस.

तुला माहीत नाही, पण वाचणाऱ्याला माहीत आहे. ज्या 'एम्परर अशोक'च्या चाकाला टेकून तू चहा प्यालास, ते व्हीटी-ईबीडी १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला जायला सांताक्रूझहून उडेल आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडेल. विमानातले सगळे, २१३ जण, जातील. चौकशीत कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र बिघडल्याचं आणि काळोख्या समुद्रावर त्यामुळे कॅप्टनची दिशाभूल झाल्याचं पुढे येईल. असा अपघात झाला की त्या विमानाच्या नोंदवह्या सर्वांत आधी सील होतात. मग पान उलटून बघतात, कुठल्या कामाखाली कोणाची सही आहे. सकाळी बातमी कळली तेव्हा हँगरमधल्या किती माणसांनी मनातल्या मनात आपल्या सह्या आठवून पाहिल्या असतील.

पण ते पुढचं. सध्या १९७४ चा पावसाळा आहे. तीन वर्षं झाली, ऑल इंडिया ट्रेड टेस्ट झाली, नॅशनल कौन्सिलचं सर्टिफिकेट आलं. कायद्यानं नोकरी बांधील नव्हती, तरी पत्र आलं आहे. चाळीत पेढे वाटून झाले. दोन स्थळं चौकशी करून गेली, एअर इंडियात फुकट तिकीट मिळतं म्हणे.

पहिल्या पाळीला जॉब कार्ड तुझ्या हातात येतं. काम साधं आहे, एक झाकण काढून आतली जोडणी तपासून परत बसवायचं. तू तार ओवतोस, पीळ देतोस, ओढ कोणत्या बाजूला आहे ते बोटानं बघतोस, टॉर्च मारून पुन्हा बघतोस. हत्यारं मोजतोस. कार्डाच्या खालच्या चौकटीत तुझं नाव, तुझी सही.

'तारीख?' सूपरवायझर विचारतात.

तू घाईनं लिहायला लागतोस, २० असे दोन आकडे उमटतात, आणि मग लक्षात येतं की तू कुठल्या सालात आहेस. ते बोटानं पुसायला जातोस.

'पुसायचं नाही. खोडरबर नाही, शाई फासायची नाही, काही नाही. खालचं वाचता येईल अशी एक सरळ रेघ मार, बरोबर तारीख घाल, आणि शेजारी परत सही कर.'