सिग्नलला बंद पडणारी मोटार

कार्बोरेटर असलेली एखादी जुनी मोटार हमरस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने सुरळीत धावते. सिग्नलला थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मात्र इंजिन थरथरते आणि बंद पडते. घाट चढताना न दमणारे इंजिन जागच्या जागी फिरताना का दमावे? याचे उत्तर कार्बोरेटरच्या इतिहासात दडलेले आहे.

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाई आणि वाफ घेऊन इंजिनात शिरे. पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जात, त्यामुळे मिश्रण सतत बदले. १८९३ साली बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी वेगळा मार्ग काढला. तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी कायम राखायची आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, त्याचा फवारा उडवायचा.

यात एक अडचण होती. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सर्व वेगांना टिकले पाहिजे. साध्या जेटमधून मात्र हवेचा वेग वाढला की पेट्रोल प्रमाणाबाहेर येई. १९०२ साली फ्रान्समध्ये आर्तुर क्रेब्स यांनी वेगाबरोबर आपोआप जादा हवा आत घेणारा कार्बोरेटर तयार केला.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे मंद गतीला, अडचण उलटी होती. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब कमी होतो आणि ही घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग एक-दशांश झाला, तर घट एक-शतांश होते. मग मुख्य जेटमधून पेट्रोल वर येतच नाही. पण त्याच वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने तिच्या इंजिनाकडील बाजूचा दाब वातावरणाच्या सुमारे एक-तृतीयांशावर येतो. कार्बोरेटर बनवणाऱ्यांनी याच ओढीचा उपयोग केला आणि झडपेच्या कडेपाशी उघडणारी दुसरी, अतिशय बारीक वाट ठेवली. तिच्या जेटला गॅरेजमध्ये ‘स्लो जेट’ म्हणतात.

आता आपल्या मोटारीकडे वळू. ती वेगात नीट चालते, म्हणजे पेट्रोलची मुख्य वाट बहुधा ठीक आहे. संशय दोन ठिकाणी उरतो. स्लो जेटमध्ये कचरा अडकला असेल, किंवा चिरलेल्या नळीतून वा गॅस्केटमधून चोरहवा शिरत असेल. वेगात ही चोरहवा एकूण हवेच्या मानाने नगण्य असते. मंद गतीत तीच मोठा वाटा उचलते. चोक थोडा ओढल्यावर इंजिन तग धरत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त होते आहे, हे नक्की. मग मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहावा. काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेटची वाट तुंबल्याचा संशय बळावतो. फरक पडत असेल, तर नळ्या व सांधे तपासावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळावा. नाहीतर गाडी सुरू होते आणि कारण कळत नाही.

१९६७ साली जर्मनीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवागनच्या मोटारीत आली. भारतात २००० सालच्या उत्सर्जन-निकषांच्या सुमारास नव्या मोटारींतून कार्बोरेटर मागे पडला. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या.

वर्गात मात्र हा धडा आजही दोन नळ्यांनी देता येतो. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरावी आणि दुसरीने तिच्या तोंडावरून आडवी फुंकर घालावी. हळू फुंकल्यास पाणी थोडेसेच चढते. जोरात फुंकल्यास फवारा उडतो. सिग्नलला बंद पडणाऱ्या मोटारीचे कोडे मुलांना मग आपणहून सुटू लागते. दोष कोणता, हे विचारण्याआधी तो केव्हा दिसतो आणि केव्हा नाहीसा होतो, हे विचारायला ती शिकली, तर आपले काम झाले.