खोली कोणी बांधली?

मराठी कथा-कादंबरीत चाळीतली खोली इतकी सवयीची झाली आहे, की ती कोणी बांधली, कोणाच्या पैशातून बांधली आणि अखेर कोणाला मिळाली, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) शिकवताना मात्र ते टाळता येत नाहीत. बाबूराव बागुलांच्या त्या कथेतील नायकाला परगावी नोकरी मिळते. अडते ते राहायच्या जागेपाशी. घराची टंचाई आणि जातीची अडवणूक ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत, हे त्या कथेला पक्के ठाऊक आहे. मुंबईच्या नगरशासनाला ते कितपत ठाऊक होते, हे पाहायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. माणसे शहर सोडून पळाली, व्यापार थबकला, आणि गरिबांच्या घरांकडे सरकारचे प्रथमच गंभीरपणे लक्ष गेले. गरीब त्याआधीही तसेच राहत होते. पण तोवर त्यांच्या राहण्याने कापसाचा व्यापार अडला नव्हता. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. महापालिकेचे काही प्रतिनिधी त्यावर असत, तरी ट्रस्ट महापालिकेचा नव्हता. तो तिच्यात विलीन झाला १९३३ साली. एखादी वस्ती ‘आरोग्यास अपायकारक’ ठरवायची, जमीन संपादित करायची, घरे पाडायची, समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ता काढायचा आणि उरलेले भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, अशी त्याची रीत होती. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड अशाच योजनांतून निघाले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचे गणितच मांडले : खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत आकाश मोकळे दिसले पाहिजे, म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मध्ये सोडली पाहिजे.

गणित चोख होते. त्यात भाडे मात्र नव्हते, आणि गिरणीच्या भोंग्याला पायी पोहोचण्याचे अंतरही नव्हते. पाडणे झपाट्याने होई, बांधणे सावकाश. घर गेलेला हमाल दूरच्या नव्या चाळीत जाण्याऐवजी शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरे. एका वस्तीतली दाटी कमी होई ती दुसरीत वाढून.

आपल्या मराठवाड्याची राजधानी तेव्हा मुंबई नव्हती, हैदराबाद होती. तिथेही हे काम आपत्तीनेच सुरू करून दिले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला आणि १९१२ साली निजाम सरकारने शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट बोर्ड नेमले. ते होते राजधानीसाठी. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावांनी सारा भरायचा आणि सुधारणा राजधानीत पाहायच्या, हा तेव्हाचा शिरस्ता! पुढे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली कुटुंबे मुंबईला गेली, त्यांना चाळही लाभली नाही. झोपडपट्टी सुधारणेचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ साली झाला होता.

ट्रस्टच्या खात्यावर एक मोठी जमा मात्र मांडावीच लागते. १९१७ साली परदेशी विद्येसह बडोद्यात नोकरीस गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिथे राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून पारशी धर्मशाळेत मिळालेली खोलीही सोडावी लागली. मुंबईत त्यांचे बिऱ्हाड होते परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळीत, ट्रस्टने बांधलेल्या. १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे ते घर राहिले. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद ही त्याच काळातली. खाजगी चाळमालकाच्या दारात जे सहजासहजी मिळत नव्हते, ते सार्वजनिक संस्थेच्या भाडेपावतीने दिले. त्यानंतर बाबासाहेब राहायला गेले ते दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त, आणि ही कॉलनी ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली. एकाच संस्थेने मजुरांसाठी खोली बांधली आणि मध्यमवर्गासाठी आखीव उपनगर वसवले. दुसऱ्या कामात तिला यश अधिक लाभले, हे दादरला उतरणाऱ्या कोणालाही दिसते.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा; खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. घरांसाठी तळमळणाऱ्या शहरात यांतल्या पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे मजुराच्या पगारात बसत नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. घर म्हणून ओस पडलेली वास्तू तुरुंग म्हणून चालली, यावर वेगळे भाष्य नको.

पुढे त्या भरल्या. कोकणातले, घाटावरचे, सवर्ण आणि दलित, सगळे एकाच मापाच्या खोल्यांत आले. माप सारखे केले की माणसे सारखी होतील, असा समज नियोजनकारांत पुष्कळदा आढळतो. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि बी.डी.डी. चाळींत ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पाच दिवसांनी निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा पँथर कार्यकर्ता ठार झाला. दंगल करणारे आणि सोसणारे एकमेकांचे शेजारी होते, त्यांची घरे एकाच सरकारने बांधलेली होती. आणि याच चाळींत व्यायामशाळा, वाचनालये, भजनी मंडळे, गावकीच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्या कोणत्याच नकाशात नव्हत्या. मराठी साहित्यात चाळीचे जे चैतन्य म्हणून आले, ते रहिवाशांनी स्वतःच्या हिकमतीने घडवलेले आहे. खात्याकडे त्याचे श्रेय जात नाही.

या चाळींच्या जागी म्हाडाच्या पुनर्विकासातून पाचशे चौरस फुटांची घरे येत आहेत. वरळीत पहिल्या काही कुटुंबांना २०२५ साली चाव्या मिळाल्या. इकडे परभणी नगरपालिकेची २०११ साली महानगरपालिका झाली. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतील जो घटक लहान शहरांत सर्वाधिक परिचित आहे, त्यात लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घरकुल बांधायचे आणि शासनाने अनुदान द्यायचे, अशी रचना आहे. म्हणजे अर्जाला जागेच्या मालकीचा कागद जोडावा लागतो. गायरानावर किंवा नाल्याच्या काठी पत्रे उभे करून राहणाऱ्याकडे नसतो तो नेमका हाच कागद.