वामनाचे तिसरे पाऊल

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांत बुद्धिमान यंत्र बहुधा विद्यार्थी असते. १९८७ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेतील डेटा विनोद, मैत्री, चित्रकला माणसांकडून शिकतो. १९८९ मधील एका भागात तो मालमत्ता की व्यक्ती, याचा न्यायनिवाडा होतो. तेव्हा माणसांनाच माणूसपणाची व्याख्या तपासावी लागते. २००३ साली 'करिश्मा का करिश्मा' या मालिकेने हीच शिकवणी भारतीय कुटुंबात आणली.

ऐंशीच्या दशकातच जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीने या नात्याची दुसरी बाजू दाखवली होती. लुप्त संस्कृतीच्या ज्ञानठेव्यातून यंत्रमानव घडतो, आणि तो स्वतःसारखेच आणखी घडवू पाहतो. डेटाला माणूस व्हायचे आहे; वामनाला माणसाची गरजच उरणार नाही. नावातच इशारा आहे. बळीचे दातृत्व खोटे नव्हते, मागणाऱ्याचा आवाका त्याने जोखला नाही एवढेच. बळीला आपला राजा मानणाऱ्या माळशिरससारख्या शेतकरी मुलखात हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आज यंत्रे आपल्याच लेखनावर शिकत आहेत. पहिली दोन पावले कोठे पडली, हे पाहण्याची जबाबदारी, आम्हांस वाटते, साहित्य शिकवणाऱ्यांचीही आहे.